चादरीचं दुसरं टोक

सन्माननीय अध्यक्ष अधीक्षक साहेब, मंचावरच्या मेट्रन बाई, धुलाई विभागातले माझे सोबती आणि ज्यांच्या निरोपासाठी आज या खुर्च्या मांडल्यात ते निवृत्त होणारे आमचे मामा, सर्वांना नमस्कार.

मामांच्या नोकरीविषयी साहेब बोललेच आहेत. मी फक्त त्यांच्यासमोर उभा राहणारा माणूस. रुग्णालयाची चादर एकट्याने नीट घडी होत नाही. देवाने माणसाला हात दोनच दिले, चादरीला कोपरे चार. दोन मामांकडे, दोन माझ्याकडे.

आमच्या गावच्या शाळेत गुरुजी अर्धी म्हण सांगायचे, उरलेली आम्ही पुरी करायची. ती सवय मी इथे आणली. चादर ताणताना मी अर्धी म्हण टाकायची, जवळ येऊन कोपऱ्याला कोपरा लावताना मामांनी ती पुरी करायची. सासू-सुनांच्या, कामचुकारांच्या, उंटांच्या म्हणींवर ढीगच्या ढीग उरकले. मी अडखळलो की मामा म्हणायचे, "मास्तर, सुरकुती पडली."

मामी गेल्या. मामा कामावर परतले त्या दिवशी मी मुद्दाम म्हण टाकली नाही. चादर ताणलेली, आणि दोघंही जागचे हलेनात. शेवटी तेच म्हणाले, "टाका की."

मी टाकली. तोंडातून नेमकी नवरा-बायकोची निघाली. मामा चालत जवळ आले आणि तिला त्यांनी गाढवाच्या म्हणीचं शेपूट जोडलं. मी हसावं की रडावं? कोपऱ्याला कोपरा मात्र बरोबर लागला होता. तेव्हापासून आमच्यात ती म्हण तशीच चालते. मी कधी दुरुस्त केली नाही.

उद्यापासून मामांच्या जागी घडीचं यंत्र येतंय. यंत्र चांगलं आहे साहेब, तक्रार नाही. पण ते चारही कोपरे स्वतःच धरतं. मी नुसतं बाजूला उभं राहायचं.

आता ही भेट. एकट्या माणसाला एवढी मोठी चादर कुणी निवडली, अशी मघापासून मागच्या रांगेत कुजबुज चाललीय. मी निवडली. मामा, धुतलीत की निरोप धाडा. मी येईन.

शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि मामा, आज इथून अर्धी म्हण टाकत नाही. हातात चादर नाही.