फग्गूची नवी नाव आणि आत्याची परिक्रमा

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफ करा, ऐकताना ते कळायचं नाही, पण मंडळाच्या अंकात छापतो म्हणतात म्हणून आधीच सांगून ठेवतो, शब्दही साधेच आहेत, आठवीत शाळा सुटली, पुढं चेरीतालच्या दुकानात सायकलीचे पंक्चर काढण्यात दिवस गेले, आणि हे लिहून आणलंय ते एवढ्यासाठी की चार माणसांत उभा राहिलो की माझी जीभ टाळूला चिकटते... पण मला एक सांगा, नावेला गालिचा कशाला लागतो?

गालिचा! हिरवा! ग्वारीघाटाच्या पायरीपासून थेट नावेच्या आत, मधे कठडा लावलेली फळी, तिच्यावरही गालिचा, म्हणजे जमीन कुठं संपली आणि नाव कुठं सुरू झाली, पायाला पत्ताच नाही! फग्गू बर्मनची जुनी नाव तुम्ही पाहिली आहे. डांबर फासलेली. पाय ठेवला की अशी डुलायची की नास्तिक माणूसही 'नर्मदे हर' म्हणायचा. तळाशी घोटाभर पाणी, फग्गू एका हातानं डब्यानं ते उपसून राहिला आहे आणि तोंडानं ओरडून राहिला आहे, "आ जाओ, आ जाओ, बस दो सवारी और!" माणसं मांडीवर बसली तरी दो सवारी और! भरल्याशिवाय नाव हलायची नाही. त्या नावेत बसून कोणी म्हणू शकलं असतं का, की मला कळलंच नाही मी नावेत आहे?

आता आमची अनसूयाआत्या. वडिलांची मोठी बहीण, वर्ध्याची. आतोबा फार आजारी होते तेव्हा ती बोलली होती, हे बरे झाले तर नर्मदामैयाची पायी परिक्रमा करीन. आतोबा बरे झाले, घरी बसून वरण करपवून राहिले, आणि आत्या निघाली काठी घेऊन. नियम तुम्हाला ठाऊकच आहे. मैया उजव्या हाताला ठेवायची आणि तिची धार ओलांडायची नाही. समुद्राशी नावेनं वळसा घ्यायचा तेवढाच. बाकी कुठं ओलांडली की परिक्रमा खंडित, जा परत ओंकारेश्वरला! आणि खंडित झाली तर घरी आतोबांचं काही वाईटवकटं होईल, ही आत्याची धास्ती. ओंकारेश्वरहून समुद्र, समुद्राहून ह्या काठानं परत उलटी चालत ती बाई ग्वारीघाटला पोचली, टाचा नुसत्या फाटलेल्या, आणि आईनं मला पुरणपोळ्यांचा डबा देऊन पाठवलं. निघताना म्हणाली, "तिच्याजवळ मुक्यासारखा बसू नको. चार शब्द बोल."

चार शब्द! एक बोललो असतो तरी चाललं असतं.

ऊन असं की पायरीवर पापड भाजावा. आत्याला सावली पाहिजे. आणि समोर फग्गूची नाव, नवी केलेली! छत, झालर, गादीच्या खुर्च्या, पंखा, प्लास्टिकची फुलं, एक आरसासुद्धा... लग्नाच्या हॉलात वरपक्षाची खोली असते ना, अगदी तशी. आत कोणी नाही. आत्या फळीपाशी थबकली.

"का रे, ही नाव तर नाही ना?"

"नावच आहे आत्या. पण बांधलेली आहे. भरल्याशिवाय हलत नाही."

हे मी बोललो! नेमकं हेच बोललो!

आत्यानं मैयाचं पाणी डोक्याला लावलं, गादीवर बसली, दोन पोळ्या खाल्ल्या आणि पंख्याखाली डोळे मिटले. पाच-सहा माणसं येऊन बसली. मी म्हटलं, बसू द्या, अजून पुष्कळ जागा आहे. मला काय माहीत फग्गूनं बॅटरीची मोटर लावली, आणि आता नाव घड्याळावर सुटते? आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही. मी आपला बाहेर पाहून राहिलो, आणि तुम्हाला सांगतो, घाट चालायला लागला! फुलवाली चालली, पंड्याची छत्री चालली... आता ओरडायचं. नुसतं 'रोको' म्हणायचं. पण कसं म्हणायचं? 'रोको' म्हटलं तर उद्धट वाटतं, 'रोकिए' म्हटलं तर सगळे हसतील, हा कोण मोठा साहेब... म्हणून आधी खाकरलो. तर पुढची बाई, मांडीवर बाळ, गर्रकन वळली, "भैया, धीरे! मुश्किल से सोया है!"

मग हात वर केला. शाळेत करायचो तसा. फग्गूनं पाहिलं, आणि त्यानंही हात वर केला! "जय हो भैया! कैसी लगी अपनी नई नाव?" सगळी नाव माझ्याकडे पाहायला लागली.

मी म्हटलं, "अच्छी है."

अच्छी है! मैयाच्या मधोमध, आत्याचं सगळं चालणं पाण्यात बुडून राहिलं आहे, आणि मी म्हणतो अच्छी है! वर आत्या, डोळे मिटलेलेच, "हवा किती छान येऊन राहिली रे..."

पलीकडचा काठ हातभर राहिला तेव्हा तिनं डोळे उघडले. "काहून रे? तो पलीकडचा गुरुद्वारा एवढा मोठा काहून दिसून राहिला?"

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं होतं. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही, पण मला कळलं, आतोबांचं नाव घेतलं. मग दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. "मी उतरत नाही. पाय लावत नाही ह्या काठाला."

झालं! बाळ उठलं. एकजण म्हणतो, "धार लाँघी तो गई परिक्रमा." दुसरा म्हणतो, "पाँव नहीं धरा तो कैसे गई?" फग्गू बिचारा रडकुंडीला, "अम्मा, हमें का पता, ये भैया तो बोले अच्छी है!" तिला तशीच बसवून परत आणली. ह्या घाटावर दोन पंडे, त्यांचे दोन निकाल. एक खंडित म्हणतो, एक भूलचूक माफ म्हणतो, आणि दोघंही एकमेकांच्या अंगावर. आत्यानं सगळं ऐकून घेतलं, काठी पायरीवर आपटली.

"माझे डोळे मिटलेले होते. उघडे कोणाचे होते?"

सगळा घाट माझ्याकडे पाहायला लागला. फुलवालीसुद्धा.

"मग ओलांडली ती ह्यानं. मी नाही. मैया न्याय जाणते. माझं ओझं घेऊन अमरकंटकपर्यंत हाच चालेल माझ्यासंगं. का रे, कबूल?"

दुकान होतं, तीन सायकली उलट्या टांगलेल्या होत्या, गिऱ्हाईक शिव्या देणार होतं...

मी काही बोललो नाही. त्यालाच सगळे कबूल समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पुढं आत्या, मागं मी, पाठीवर तिचं बोचकं, हातात किटली. मैया उजव्या हाताला. मनाशी पक्कं केलं होतं, आता तोंड उघडायचंच, काय व्हायचं ते होवो. ऊन चढता चढता पुढं पाणी आडवं आलं. काठाला एक डोंगी, डांबर फासलेली, तळाशी घोटाभर पाणी, नावाडी ओरडून राहिला, "आ जाओ, बस दो सवारी और!" आणि आत्यानं सरळ एक पाय आत टाकला!

तुम्हाला सांगतो, मी ओरडलो! "नाही! आत्या! रोको!! रोकिए!!!" असा ओरडलो की बगळे उडाले, नावाड्याच्या हातचा बांबू पाण्यात पडला, पलीकडच्या काठावर कपडे धुणारी बाई उभी राहिली.

आत्या वळली. शांतपणे म्हणाली, "अरे येड्या, ही गौर नदी. मैया तिकडं उजव्या हाताला आहे. तिला मिळणाऱ्या नद्या ओलांडाव्याच लागतात, नाही तर पुढं काय उडत जाऊ?" मग थोडं थांबून, "आणि हा आवाज काल कुठं होता रे?"

मी डोंगीत बसलो, डबा उचलला आणि पाणी उपसायला लागलो.