माशी दुसऱ्या गालावर

हॅलो?… हॅलो, कोण?… ताई! बरी आठवण झाली. मला वाटलं, तुम्ही नवरा-बायको फोन विकून बसलात.

नाही, झोपले नव्हते. झोप कशी लागेल? रात्रभर ह्यांच्या गालाला बर्फ… बर्फ तरी कुठला वेळेवर सापडायला? फ्रीजरमधली मटारची पिशवी लावून बसवलंय. डावा गाल टम्म फुगलाय. पाची बोटं उठलीत.

कुणाची म्हणजे? तुझ्या नवऱ्याची! अजून कुणाचा पंजा आहे एवढा मोठा आपल्या घरात?

हे बघ ताई, तू मोठी आहेस, मान्य. पण आज मी बोलणार आणि तू ऐकणार… नाही, आधी माझं… अगं ऐक ना! तू होतीस का तिथं? नव्हतीस. तू घरी गुडघा धरून बसली होतीस. मी पहिल्या रांगेत होते, माझ्या डोळ्यांनी बघितलंय सगळं.

हो, पिक्चर छान झाला. फार छान. एवढा जुना, रेघा-रेघांचा, तरी लोक अजून त्या घोड्यांना हसतात. हे गाढवावर उलटे बसून येतात ना, तिथं तर शिट्ट्या. मग पडदा वर गेला, आणि ढोल-टिपरू, तुझे ते ढोल नि माझे हे टिपरू, दोघं पिक्चरमधले तेच बूट, त्याच टोप्या घालून समोर हजर. मागं तो दारूचा गुत्ता, ती झुलती दारं. थिएटर उभं राहिलं, ताई! मला भरून आलं. म्हटलं, चला, म्हातारपणी कौतुक झालं बिचाऱ्यांचं. आणि तेवढ्यात तुमच्या शेरीफमहाराजांनी खाडकन ठेवून दिली. खरी! सख्ख्या साडूला!

एक मिनिट हं… अहो! काय शोधताय?… टोपी? डोक्यावर आहे तुमच्या!… हो, तीच. बसा.

काही नाही गं, टोपी शोधतायत. कालपासून काढलेली नाही. झोपलेसुद्धा ती घालून.

मला प्रसंग सांगू नकोस. त्या प्रसंगावर माझा संसार झालाय! शेरीफला माशी दिसते, तो ह्यांना थोबाडीत मारतो, हे म्हणतात, ‘शेरीफसाहेब, माशी दुसऱ्या गालावर होती’, की दुसरी थोबाडीत. शेंबडं पोरही सांगेल. पण लागत नाही ना ती कधी! भावजींचा हात गालाच्या अलीकडून जातो. आवाज कोण काढतं? मार खाणारा. हे छातीपाशी टाळी वाजवतात आणि मान फिरवतात. लोक त्या पंजाकडे बघत बसतात, ह्यांच्या हातांकडे कोण बघतंय? उभ्या जन्मात ह्यांच्या गालाला भावजींचं नख लागलेलं नाही. आणि काल पुरा पंजा!

काय?… त्यांचा हात सुजलाय? अरे वा! म्हणजे माझ्या नवऱ्याचा गाल चुकला म्हणायचा. उशीसारखा मऊ ठेवायला हवा होता, नाही का?

जेवले नाहीत? नकोत जेवायला. एक दिवस पोटाला सुट्टी मिळेल. ते पोट नेहमी पोस्टरवर पुढं आणि ह्यांचं फक्त नाक दिसायचं मागून. कधी बोलले हे? पाण्याच्या हौदात कुणी पडायचं? ह्यांनी. दाराचा फटका कुणाच्या तोंडावर? ह्यांच्या. घोडा त्यांना, गाढव ह्यांना. नाव ढोल, पण बडवायचं कुणाला, तर टिपरूला! जगात कुठं असं ऐकलंयस?

ए ताई… ताई, म्हणी ऐकवू नकोस मला. एका हातानं टाळी वाजत नाही म्हणे! ह्यांनी काय केलं? उभे होते बिचारे. मी सांगते ना, नुसते उभे होते.

तेच तर म्हणतेय. आणि मोठेपणा बघ ह्या माणसाचा! सकाळी आरशात बघून मला विचारतात, ‘माझी दाढ सुजली का गं?’ म्हटलं, दाढ कसली, भावजींनी मारलंय काल तुम्हाला. तर म्हणे, ‘छे, तो कशाला मारेल मला?’ असं साळसूद तोंड करून! झाकून घेतायत गं त्यांना. मित्राच्या नावाला बट्टा नको म्हणून स्वतःच्या गालावर पांघरूण घालतायत. आणि तुझा नवरा? साधा फोन नाही. बायकोला पुढं केलं!

रडतायत? कोण, भावजी?… बाथरूममध्ये? कडी लावून?… रडू देत. मी नाही पाझरायची. आधी इथं येऊन ह्यांची माफी मागा म्हणावं, मग काय ते रडा.

आज संध्याकाळचा खेळ? तो विसरा आता. ह्यांना मी पाठवणार नाही. एवढी हौस असेल तर पुठ्ठ्याचा टिपरू उभा करा आणि हाणा त्याला.

अहो, आता काय?… कुठून पाणी?… कपाळावरून? अहो, पुसा ना मग!

काय म्हणालीस?… पुन्हा बोल. इथं ह्यांचं चाललंय काहीतरी.

नाही. शक्यच नाही.

ताई, ह्यांचे हात झोपेतही चुकत नाहीत. टाळी विसरतील? हे? अगं, लग्नाआधी मला बघायला आले होते तेव्हा आपल्या धाकट्या भावाला टाळी शिकवून गेले होते. भावजी स्वतःची चूक ह्यांच्या अंगावर ढकलतायत. बरं जमतंय!

बूट? कसला बूट?… हो, आपटला होता त्यांनी. दोनदा. नाही, तीनदा. टाचेनं, फळीवर. मला वाटलं, काहीतरी नवीन घातलंय मध्ये. लोक हसलेसुद्धा… खूण होती ती? टाळीची?

पण खूण कशाला लागेल ह्यांना?

महिनाभर?… म्हणजे तुमच्या हॉलमध्ये तालमी चालल्या होत्या तेव्हापासून? आणि मी मेली रोज डब्यात दोघांसाठी खाऊ पाठवत होते! आणि तिथं टाच आपटून… वाक्यंही भावजीच सांगायचे? हळूच? ओठ न हलवता?

थांब जरा. थांब. मला आठवू दे.

हात… हात खालीच होते गं. मांड्यांपाशी. हे भावजींच्या छातीकडे बघत होते. तो पत्र्याचा तारा आहे ना शेरीफचा, चकाकणारा, त्याच्याकडे. पहिल्यांदाच दिसावा तसे. मला वाटलं, काय झकास अभिनय आहे! मी शेजारणीला कोपरानं ढोसलं, म्हटलं, बघा, बघा आमचे हे.

हो… गप्प झालं होतं थिएटर. कुणीतरी खोकलं मागं. मला आठवतंय ते खोकणं.

आणि मग भावजींनी मारलं.

म्हणजे लोकांना कळू नये म्हणून? खोटा हात फिरवला असता, आवाज आला नसता, सगळ्यांना कळलं असतं, की ह्यांना… की हे विसरले. म्हणून खरी मारली. आणि लोक किती हसले, ताई. अख्ख्या पिक्चरला हसले नसतील एवढे. मीच तेवढी हसले नाही.

नाही, रडत नाहीये. राग आलाय मला! भयंकर राग आलाय. मला का नाही सांगितलं? बायको मी आहे का भावजी आहेत? शपथ घातली होती तुला? त्यांची शपथ मोठी आणि पाठची बहीण परकी! माझ्या घरातलं दुखणं तुमच्या हॉलमध्ये महिनाभर नांदतंय आणि मला पत्ता नाही?

…नाही, तसं नाही अगदी.

तसं नाही गं. पत्ता होता. ह्यांच्या शर्टाची बटणं रोज मीच लावते आणि म्हणते, मला हौस आहे. चहात साखर दोनदा पडली तर म्हणते, गोड लागतोय आज. परवा स्वतःच्याच दारात उभे राहून दार ठोठावत होते. आतून. मी काय केलं असेल? मागच्या दारानं पलीकडे जाऊन म्हटलं, ‘कोण आहे?’ दोघं पोट धरून हसलो. मला वाटलं, अजून विनोदच करतायत. म्हणजे वाटून घेतलं तसं.

डॉक्टर? हो, नेते. सोमवारी नेते. नाही, तू ये बरोबर. गुडघा घेऊन ये.

पण हे कधी ठरलं? आजचा खेळ रद्द? कोण म्हणालं?… भावजींनी कळवलं थिएटरला? काय म्हणून?… ‘माझं पोट बिघडलंय’ म्हणून? स्वतःवर घेतलं? बघ! बघ, हा माणूस मला न विचारता सगळं करतो! कुणाला विचारून रद्द केला? टिपरू कुणाचा आहे?

हो, मघाशी मीच म्हणाले पाठवणार नाही. तेव्हाचं तेव्हा. मी नाही म्हणणं वेगळं आणि त्यांनी परस्पर ठरवणं वेगळं.

अगं, मला कळतं सगळं. पुन्हा गोठले तर काय, हेच ना? पुन्हा खरी मारायची हिंमत नाही भावजींची, हेही कळतं. आणि कुणी मारूही नये. पण ताई, काल घरी येताना गाडीत हे गात होते. गाल हा एवढा आणि गात होते! महिन्यात मी त्यांना इतकं… अहो, थेंब कुठून गळतायत पण? जमिनीवर तळं झालंय! आणि मटारची पिशवी कुठाय? मगाशी गालावर…

थांब ताई. थांब, धर फोन.

…हॅलो? सापडली. टोपीत. डोक्यावर ठेवून वर टोपी घालून बसलेत! पाणी नाकावरून ओघळतंय आणि मला विचारतात, ‘छप्पर गळतंय का गं?’… हस, हस. मलाही हसूच येतंय, काय करू? आयुष्यभर ज्याला हसून पोट भरलं त्याला आता हसू नये म्हणतेस?

ए, एक सांग. काल खरी बसल्यावर हे लगेच बोलले ना? माशीचं वाक्य? मी ऐकलं. डोळ्यांत पाणी, पण शब्द न् शब्द जागेवर, तसाच नाकातला आवाज. दुसऱ्या थोबाडीला टाळीही वाजवली, बरोब्बर. मग गाडी रुळावर आली ती कशामुळं? मारामुळं, की आवाजामुळं?

अगं, म्हणजे असं बघ. लागलं म्हणून जागे झाले, की ठाप् झालं म्हणून? इतकी वर्षं लागलं कधीच नव्हतं ना. आवाजच तेवढा व्हायचा. शरीराला ओळख आवाजाची.

तू गप्प बस, मला बघू दे. हे खुर्चीत बसलेत, माझ्याकडे पाठ आहे. खिडकीबाहेर बघतायत. मी फोन टेबलावर ठेवते. ऐक हं.

…ऐकू आली टाळी?

ताई…

ताई, ह्यांनी मान फिरवली. गर्रकन. टोपी उडून तिकडं पडली.

श्श… बोलू नकोस. बोलतायत काहीतरी.

‘शेरीफसाहेब, माशी दुसऱ्या गालावर होती.’

ऐकलंस? भिंतीला सांगतायत. मोठ्यानं. शेवटच्या रांगेला ऐकू जावं तसं… तू का रडतेस आता? भावजींना काढ त्या बाथरूममधून. दार तोड हवं तर. सांग, थिएटरला फोन करून पोट बरं झालं म्हणावं. आणि सांग, हात गालाच्या अलीकडूनच न्यायचा, नेहमीसारखा. नख लागलं तरी बघून घेईन. ते झुलते दरवाजे आहेत ना गुत्त्याचे? त्यांच्या मागं मी उभी राहणार. टाच आपटली की टाळी मी वाजवीन.

लाज कसली? कोण बघणारे मला? इतकी वर्षं ह्यांचे हात कुणाला दिसले नाहीत, माझे काय दिसणारेत!

माफी? ती मागायचीच आहे त्यांनी. मारल्याची नाही. मला न सांगितल्याची. ती सोडणार नाही मी, सांगून ठेव.

अहो, आले, आले!… ताई, गाल पुढं करून उभे आहेत गं, दुसरा. वाट बघतायत. ठेवते फोन, मला दोन्ही हात मोकळे हवेत.