थेंब गळायला हवा

नंदकुमार : बोट बुडाली, झहूरभाई. तलावाच्या मधोमध, सगळ्या क्लबसमोर! पंख्याच्या शाफ्टच्या नळीतून पाणी आत आलं. रिमोटचा रिसीव्हर खलास.

झहूर : नळीतून? शाफ्ट तर मी काचेवर लोळवून बघितला होता. सरळ होता.

नंदकुमार : सरळच होता हो. पण शाफ्टभोवतीच्या बुशमधून गळत होतं.

झहूर : थेंब थेंब?

नंदकुमार : हां.

झहूर : मग बरोबर आहे. थेंब गळायलाच हवा. नाहीतर शाफ्ट तापतो, धरतो, फिरतच नाही.

करिमुन्निसा : अहो, ते जहाजात! तिथं पाणी उपसायला पंप होता. ही हातभर बोट!

झहूर : ...हातानं आपोआप फट ठेवली गं. सगळी नोकरी इंजिनरूममध्ये गेली.

नंदकुमार : टेन्शन नका घेऊ. रविवारी रेस आहे. रबाळ्याला एक लेथवाला आहे, या वेळी त्याच्याकडून करून घेतो.

झहूर : आणि पुढच्या वेळी?

नंदकुमार : बघू ना.

करिमुन्निसा : म्हणजे आता तुमीपण वर येणार नाही.

नंदकुमार : तसं नाही भाभी. पण पाच मजले, लिफ्ट नाही...

करिमुन्निसा : आमाला सांगता? आमच्या पोरानं, शाहिदनं, दुबईत बसून नकाशावर फ्लॅट पसंत केला. नकाशात लिफ्ट होती. डॉक्टरनं यांना जिना बंद केला, तेव्हापासून यांनी रस्ता फक्त ग्रिलमधून बघितलाय.

नंदकुमार : मग चला की रविवारी! क्लबची चार पोरं खुर्चीवरून खाली नेतील.

करिमुन्निसा : आणि वर?

झहूर : राहू दे ते. बोट इथं ठेवा. जास्तीच्या बुश आहेत माझ्याकडे, घट्ट बसवतो. नळीत ग्रीस भरतो. आत्ता पाण्यात चालवून दाखवतो, मग जा रबाळ्याला.

नंदकुमार : पाण्यात? इथं?

झहूर : करिमुन, टब रिकामा कर.

करिमुन्निसा : धुणं भिजलंय त्यात.

झहूर : काढ ना.

(थोड्या वेळाने, मोरीत.)

झहूर : करिमुन, दोन्ही हातांनी धर. सुटली तर टबावर आदळेल. नंदकुमार, मोटरला बॅटरी जोडा.

नंदकुमार : आयला, काय ताकद आहे! आत... कोरडं आहे.

झहूर : आत हाताचं बोट फिरवून बघा. माझा आता माझ्यावर भरवसा नाही.

नंदकुमार : कोरडं, झहूरभाई. एक थेंब नाही. रबाळे कॅन्सल!

करिमुन्निसा : अहो, किती ओढतेय ही! मनगटं दुखली माझी. सोडू?

झहूर : कुठे जाईल ती, या टबातून?