टॉवेलाखालची दोन बोटं

महादू, परवा बोलता बोलता तुझा फोन मी मधीच कट केला, त्याचं कारण आज सांगतो.

लातूरहून उदगीरच्या एसटीत बसून तुला पिक्चरचं सांगायलो होतो. जुन्या काळातल्या गुंडांचा पिक्चर, पण डायरेक्टरला काही कळत न्हाई. सुपारी देताना त्यातला डॉन नुसता कुजबुजतो. ह्याला काय ॲक्टिंग म्हणतात? डॉन कसा गरजला पायजे.

तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्यानं माझा हात धरला आणि मांडीवरच्या टॉवेलाखाली नेला. बैलबाजारात भाव ठरवतात तशी माझी दोन बोटं दाबली.

"एवढ्यावर माणूस जायचा," तो हळूच म्हणला. "शब्द काढायचा न्हाई. तुमचा डॉन तर लईच बोलला."

मी फोन ठेवला. "मामा, तुम्हाला कसं माहीत?"

त्यानं बोटं काही सोडली न्हाईत. "नाव काय तुमचं? राहता कुठं?"

तोंडात आलं ते सांगून टाकलं.

"येतो मंग एकदा घराकडं," म्हणून तो नळेगावला उतरला.

महादू, भीतीनं मला माझं नावच आठवलं न्हाई रे. तुझं आठवलं. घराची खूण बी तुझीच सांगितली.