पिवळं पाणी

नेत्रा : हळद तळाशी बसते, बाबा. हे वरपासून खालपर्यंत पिवळंय. काय टाकलंत कोंबडीच्या पिल्लांच्या पाण्यात?

हरिचंद्र : हलदच.

नेत्रा : हळदीचा डबा माझ्या ओट्यावर आहे.

हरिचंद्र : मंग दुसरी हलद असंल.

नेत्रा : बाबा. मी सून आहे, पोलीस नाही. पण जनावरांच्या दवाखान्यातल्या हिमानी मॅडम विचारतायत, औषध चालू असून पिल्लं सुधारत का नाहीत? काय सांगू?

हरिचंद्र : औषध बोगस हाय, सांग त्यांना.

नेत्रा : औषध बरोबर आहे. पिल्लांची शी तुम्हीच कागदात बांधून दिलीत ना? अंबरनाथपर्यंत पर्समध्ये नेली मी, टिफिनला चिकटून! मॅडमनी तपासली. कॉक्सी म्हणाल्या. आतड्यात जंतू होतात, म्हणून रक्त पडतं.

हरिचंद्र : रगत बघूनच तर...

नेत्रा : तर काय?

हरिचंद्र : पिसं फुगवून बसतात गं. मान आत, डोले मिटलेले. दवाखान्याच्या बाकड्यावर म्हातारी बसतात तशी. दाना टाकला तरी बघत नाय. अंगात जीव नाय आनि वरून नुसतं पावडरचं पानी? माज्या पायाला मुंग्या यायच्या, तवा डॉक्टरनी काय दिलं मला?

नेत्रा : शुगरच्या गोळ्या.

हरिचंद्र : त्या नाय. दुसरी. पिवली, शक्तीची.

नेत्रा : बी-कॉम्प्लेक्स?

हरिचंद्र : तीच. कुटून घातली. पिल्लू केवढंसं, गोली केवढी. सगल्यांना पुरते.

नेत्रा : आणि तुम्ही काय घेता?

हरिचंद्र : मला काय धाड भरलीय.

नेत्रा : थांबा, मॅडमना विचारते. टाइप करतायत... आलं. वाचू? "आधी ते पाणी ओतून टाक." पुढे, "हे औषध जंतूंना व्हिटॅमिन मिळू देत नाही, उपाशी मारतं त्यांना. वरून बी-कॉम्प्लेक्स दिलं की ते परत जेवायला बसतात."

हरिचंद्र : म्हंजे मी जंतूंना वाढत होतो?

नेत्रा : तुम्हाला काय माहीत. मलाही आत्ताच कळतंय.

हरिचंद्र : पंगत घातली मी त्यांना. माज्या हातानं.

नेत्रा : बाबा, बसा इथे.

हरिचंद्र : काल्या पट्ट्याचं सकाली गेलं. ते याच्यामुलं?

नेत्रा : ते आधीपासूनच खूप आजारी होतं.

हरिचंद्र : खोटं नको बोलू. तुला जमत नाय. कंपनीत बॉयलर सांभालला, कधी गडबड नाय. आनि हितं एवढीशी पिल्लं...

नेत्रा : बरं, ऐका. पिल्लांखालचा ओला तूस काढायचाय, रोग त्यातूनच फिरतो. ही परातही नको. पाय घालून सांडतात आणि त्यातच हगतात. अरुंद भांडं द्या. औषध संपलं की मग ताकदीचं देऊ. त्यांचं वेगळं मिळतं. तुमची गोळी तुम्ही गिळा.

हरिचंद्र : हे घे भांडं.

नेत्रा : फोन वाजतोय तुमचा. आईंचा असेल.

हरिचंद्र : नको उचलू. पिल्लांचा आवाज ऐकवा म्हनंल. काल मी सांगितलं, झोपलीत.

नेत्रा : भरदुपारी?

हरिचंद्र : मंग काय सांगू? मोतीबिंदू काढलेला, डोल्याला पट्टी. धूल नको म्हनून लेकीकडं ऱ्हायलीय. बघता येत नाय तर ऐकू तरी द्या, म्हनते. काय ऐकवू तिला?

नेत्रा : उचला. नाहीतर त्या पट्टीसकट रिक्षात बसतील.

(हरिचंद्र फोन उचलून स्पीकरवर टाकतात.)

काशी : हालो. तुमीच ना?

हरिचंद्र : मीच. डोला कसा हाय?

काशी : डोला हाय तिथंच हाय. कंटालले मी या उल्हासनगरात. तुलशी दिसभर टीव्ही लावते. शेजारची सिंधी आंटी येते, पापड देते, आनि टीव्हीपेक्षा मोठ्यानं बोलते. माज्या पिल्लांचा आवाज द्या बघू जरा.

हरिचंद्र : झोपलीत.

काशी : आजपन? पिल्लं हाईत का सरकारी हापिस? काय झालंय?

नेत्रा : आई, अहो ते...

काशी : तू थांब गं. त्यांना बोलू दे.

हरिचंद्र : आजारी हाईत. रगत पडत होतं. काल्या पट्ट्याचं गेलं, काशी. माजी गोली घातली मी पान्यात, ताकद येईल म्हनून. ती उलटी पडली.

काशी : कोनी घातली?

हरिचंद्र : मी.

काशी : तुमी खुराड्यात गेला?

हरिचंद्र : हां.

काशी : वास येतो म्हनून अंगनातनं नाक दाबून जायचे तुमी!

हरिचंद्र : तू नाय ना हितं. मंग कोन जानार?

(फोनवर काशीनं नाक ओढल्याचा आवाज येतो.)

हरिचंद्र : काशी? रडू नको हां. डोल्यात पानी नाय आनायचं सांगितलंय डॉक्टरनी.

काशी : कोन रडतंय? आता काय दिलंय त्यांना?

नेत्रा : नुसतं औषधाचं पाणी, आई. ताजं केलं. हे बघा, ठेवलं आत. तूसही बदलते आता.

काशी : मंग फोन न्या तिथं. खाली धरा, त्यांच्याजवल.

हरिचंद्र : धरला.

काशी : काय ऐकू येत नाय.

हरिचंद्र : थांब. तांबडं उठलं... परत बसलं. नाय, नाय, उठलं. भांड्याशी आलं. चोच घातली. मान वर केली बघ. त्याचं बघून दुसरं आलं.

काशी : मंग बोलत का नाय?

हरिचंद्र : पितात गं. पिताना कशी बोलतील?

काशी : मंग तुमीपन गप रवा. पिऊ द्या त्यांना.