अर्धा कप

मला चहा अर्धाच कप दे. का, ते सांगतो.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत मी पुण्याहून धरणगावला काकांकडे गेलो होतो. नानाकाकांचे हात चाळिशीपासून थरथरतात. आजोबांचेही थरथरायचे. चहा सांडू नये म्हणून अक्का, म्हणजे काकू, नानांचा कप अर्धाच भरते. मला तेव्हा एकोणचाळिसावं चालू होतं.

नानांनी माझ्या प्रयोगशाळेचं विचारलं. मी म्हणालो, "आमचा उंदीर जन्मतो धडधाकट. मोठा झाला की आम्ही औषध देतो. मग मेंदूतलं एकच जनुक बंद पडतं. उंदराचं काय अडतं ते बघायचं, म्हणजे त्या जनुकाचं काम आणि त्यावरून आजार कळतो."

"ते बंद पडनं, हाई कसं समजस?"

"पंजे थरथरायला लागतात."

नानांनी विचारलं, "आन् उंदीरले पहिले समजस का?"

"त्याला काय समजणार, नाना. तो खातो, पळतो. आधी रोज बघणाऱ्याच्या लक्षात येतं."

तेवढ्यात अक्का किटली घेऊन आली. नानांचा कप तिनं अर्धा भरला. मी माझा पुढे केला. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, आणि माझाही अर्धाच भरला.