दिवसाउजेडी जेवायची बाल्कनी

एप्रिलातल्या एका शनिवारी, सकाळच्या प्रहरी, सांगली बसस्थानकावर साताऱ्याच्या गाडीसाठी रांगेत उभ्या असलेल्या निवृत्त सुभेदार उदयसिंहांच्या कानी पुढच्या मायलेकांचे बोलणे आपसूक पडत होते. लेक सम्मेद स्पीकर लावून महाबळेश्वरच्या हॉटेलशी बोलत होता. आई त्रिशलाबाई शेजारी उभ्या होत्या.

"मेच्या सुट्टीत सगळं घर येतंय, साहेब. बाल्कनीचीच खोली पायजे."

"देतो. रात्रीचं जेवण आठला."

"आमी जैन. आई दिवस मावळल्यावर जेवत न्हाई, दिव्याच्या उजेडात घासबी घेत न्हाई. म्हणून तर बाल्कनी."

"ताट साडेपाचला वर पाठवू. फक्त बाल्कनीला जाळी आहे. माकडं ताट पळवतात."

"जाळी? मग पिंजराच की वो! आई, दुसरीकडं बघतो."

"गेल्या साली असंच बघत बसलास, आन् मला घरी ठिवून गेलासा."

"अगं, डोंगर बघायला जायाचं आन् जाळीत बसायचं?"

"डोंगर तू बघ रं. जाळीतनं उजेड येतोय का, तेवढं इचार."

"भरपूर येतो, आजी," फोनमधला आवाज म्हणाला.

रांग पुढे सरकली. ऐकण्याच्या नादात उदयसिंह जागचे हलले नाहीत.

"मग घे खोली," त्रिशलाबाई लेकाला म्हणाल्या. "आमी आत जेवतो, माकडं भायेर बघत बसू देत."